न्यू सेलमचा पोस्टमास्तर

अब्राहम लिंकन हे नाव ज्याने ऐकले नाही असा विद्यार्थी क्वचितच सापडेल. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा तो सोळावा अध्यक्ष. गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा त्याने काढला, दुभंगू पाहणारे राष्ट्र त्याने एकत्र राखले आणि अखेरीस एका मारेकऱ्याच्या गोळीने त्याचा अंत झाला, एवढे आपण सारेच इतिहासाच्या पुस्तकांतून शिकतो. लाकडी झोपडीत जन्मलेला मुलगा राष्ट्राध्यक्ष झाला, हेही आपण कौतुकाने ऐकतो. परंतु ती झोपडी आणि अध्यक्षाचे निवासस्थान यांमधील वाट कोठून गेली, याचा विचार आपण फारसा करीत नाही. त्या वाटेवर एक लहानसे खेडे लागते. त्याचे नाव न्यू सेलम. हे खेडे जेमतेम दहा-अकरा वर्षे नांदले आणि नाहीसे झाले. लिंकनच्या आयुष्यातील सुमारे सहा वर्षे तेथे गेली. त्या सहा वर्षांची हकीकत आम्ही येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

लिंकनचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी केंटकी संस्थानात झाला. त्याचा बाप टॉमस हा शेती आणि सुतारकाम करून पोट भरणारा गृहस्थ होता. १८१६ साली हे कुटुंब इंडियाना संस्थानातील दाट अरण्यात राहावयास गेले. दोनच वर्षांनी, १८१८ मध्ये, अब्राहमची आई निवर्तली. तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. पुढच्या वर्षी घरात आलेल्या सावत्र आईने मात्र त्याला पोटच्या पोरासारखे वाढविले आणि त्याच्या वाचनाच्या छंदाला कधी आडकाठी केली नाही. शाळेत घालविलेले त्याचे सारे दिवस एकत्र मोजले तर ते पुरते वर्षभरही भरत नाहीत. १८३० साली कुटुंबाने पुन्हा बिऱ्हाड हलविले आणि इलिनॉय संस्थानात वस्ती केली. मुलगा आता एकवीस वर्षांचा झाला होता. उंच, हाडापेराने मजबूत, कुऱ्हाड चालविण्यात तरबेज. पण पुढे काय करावयाचे याचा त्याला काहीच उलगडा झालेला नव्हता.

इकडे इलिनॉय संस्थानातच सँगमन नदीच्या काठी एका उंच कड्यावर एक नवे गाव आकार घेत होते. जेम्स रटलेज आणि जॉन कॅमरन या मामा-भाच्यांनी नदीला बंधारा घालून तेथे गिरणी उभारली. धान्य दळणे आणि लाकूड कापणे ही दोन्ही कामे ती पाण्याच्या जोरावर करी. दळणासाठी दूरदूरचे शेतकरी येऊ लागले, तेव्हा १८२९ साली त्यांनी कड्यावरील जमिनीची मोजणी करवून घेतली आणि भूखंड विकावयास काढले. हळूहळू ओंडक्यांची घरे उभी राहिली. लोहार आला, पिंपे बनविणारा आला, टोप्या करणारा आला, जोडे शिवणारा आला. एक-दोन दुकाने निघाली, वाटसरूंसाठी खाणावळ निघाली, वैद्यकी करणारे डॉक्टर आले. त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारने टपालकचेरीही दिली. अगदी भरभराटीच्या काळातही या गावात वीस-पंचवीस कुटुंबांहून अधिक वस्ती नव्हती. परंतु गावकऱ्यांची उमेद दांडगी होती. सँगमन नदीतून एके दिवशी आगबोटी येतील, न्यू सेलम हे मोठे बंदर होईल आणि आपल्या भूखंडांना सोन्याचे मोल येईल, अशी त्यांची खात्री होती.

लिंकन या गावी आला तो अपघातानेच. डेंटन ऑफट नावाच्या एका उलाढाल्या व्यापाऱ्याने न्यू ऑर्लीन्सला माल पोहोचविण्यासाठी त्याला, त्याच्या एका आप्ताला आणि सावत्र भावाला कामावर ठेवले होते. एप्रिल १८३१ मध्ये त्यांची सपाट तळाची नाव मालासह नदीतून निघाली आणि न्यू सेलमच्या बंधाऱ्यावर अडकून बसली. पुढचा भाग बंधाऱ्याबाहेर हवेत लोंबकळत राहिला आणि मागच्या बाजूने पाणी आत शिरू लागले. सारा गाव काठावर जमून तमाशा पाहू लागला. लिंकनने काही माल उतरवून नाव हलकी केली. नंतर नावेच्या पुढच्या अधांतरी भागाला भोक पाडले. आतील पाणी त्यातून वाहून गेले, भोक बुजविले गेले आणि नाव बंधारा ओलांडून पलीकडे सरकली. ऑफट या युक्तीवर इतका खूश झाला की त्याने न्यू सेलममध्ये दुकान काढून या तरुणाला कारकून नेमण्याचे ठरविले. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात लिंकन न्यू ऑर्लीन्सहून परतला आणि गावात राहू लागला. त्याच्याजवळ ना पैसा होता, ना ओळख.

नव्या माणसाची पारख करण्याची त्या भागातील रीत वेगळीच होती. जवळच्या क्लेरीज ग्रोव्ह या वस्तीतील तरुणांची एक दांडगी टोळी होती आणि जॅक आर्मस्ट्राँग हा तिचा म्होरक्या. त्याच्याशी लिंकनची कुस्ती ठरली. ती कोणी जिंकली याविषयी पाहणाऱ्यांच्या आठवणी एकमेकींशी जुळत नाहीत. परंतु तीतून त्या दोघांची जन्माची मैत्री जडली याविषयी दुमत नाही. आर्मस्ट्राँगच्या घरी लिंकन जेवे, राही, त्याच्या तान्ह्या मुलाला खेळवी आणि जॅकची बायको हॅना त्याचे फाटके कपडे शिवून देई.

गावाला लिंकनची ताकद आवडली, आणि लिंकनला गावात पुस्तके सापडली. आपले बोलणे अशुद्ध आहे ही जाणीव त्याला बोचत होती. सुमारे सहा मैलांवर एका शेतकऱ्याकडे इंग्रजी व्याकरणाचे पुस्तक आहे असे कळताच तो पायी जाऊन ते घेऊन आला. मेंटर ग्रॅहॅम नावाच्या शाळामास्तराने त्याला या अभ्यासात मदत केली, असे गावचे लोक पुढे सांगत. जॅक केल्सो नावाचा एक मासेमारीचा शौकीन तेथे होता. शेक्सपिअर आणि बर्न्स यांच्या कविता त्याला मुखोद्गत होत्या. त्याच्या संगतीत लिंकनला काव्याची गोडी लागली. रात्री दिव्याला तेल नसे, तेव्हा पिंपे बनविणाऱ्या ऑन्स्टटच्या कारखान्यात लाकडाचे छिलके पेटवून त्या उजेडात तो वाची. गावातील वादविवाद मंडळात त्याने प्रथम भाषण केले, तेव्हा हा नुसता गमत्या माणूस नाही, हे लोकांच्या ध्यानात आले.

मार्च १८३२ मध्ये, गावात येऊन वर्षही पुरे झाले नव्हते तोच, या तेवीस वर्षांच्या कारकुनाने विधिमंडळाच्या निवडणुकीस उभे राहण्याचे जाहीर केले. सँगमन नदी नौकानयनास योग्य करावी आणि शिक्षणाचा प्रसार व्हावा, हे त्याच्या जाहीरनाम्यातील मुख्य मुद्दे होते. त्याच वसंत ऋतूत टॅलिस्मन नावाची एक आगबोट खरोखरीच नदीतून वर आली आणि सारा मुलूख आनंदित झाला. पण लवकरच पाणी ओसरू लागले. बोट वळविण्याइतकीही रुंदी पात्राला नव्हती. लिंकन आणि त्याचा एक सोबती यांच्या मार्गदर्शनाखाली ती मागच्या मागे परतली, आणि न्यू सेलमचा बंधारा काही भागात मोडावा लागला तेव्हा कोठे तिची सुटका झाली. गावाचे बंदर होण्याचे स्वप्न तेथेच विरले; परंतु हे गावकऱ्यांनी मनाशी कबूल करावयास आणखी काही वर्षे जावी लागली.

याच सुमारास ऑफटचे दुकान बसले आणि लिंकनचा रोजगार गेला. एप्रिल महिन्यात सॉक जमातीचा पुढारी ब्लॅक हॉक आपल्या सुमारे हजार बायकापुरुषांसह मिसिसिपी ओलांडून आपल्या मूळच्या भूमीत परत आला आणि त्याला हुसकावण्यासाठी संस्थानाने स्वयंसेवक मागविले. लिंकन त्यांत दाखल झाला. टोळीतील तरुणांनी आपल्या मतांनी त्याला आपला कप्तान निवडले. त्या निवडीने झालेल्या आनंदाची आठवण तो पुढे कित्येक वर्षे काढीत असे. त्याने सुमारे ऐंशी दिवस चाकरी केली, पण प्रत्यक्ष लढाई पाहिली नाही. हे युद्ध त्या मूळच्या रहिवाशांच्या भीषण कत्तलीने संपले, हेही येथे सांगितले पाहिजे. न्यू सेलमसारखी गावे ज्या भूमीवर वसली ती रिकामी नव्हती.

ऑगस्टमध्ये निवडणूक झाली. तेरा उमेदवारांत लिंकन आठवा आला आणि पडला. मात्र न्यू सेलमच्या मतदानकेंद्रात ३०० पैकी २७७ जणांनी त्याला मत दिले होते. ज्यांनी त्याला पाहिले होते त्यांनी त्याला निवडले होते; बाकीच्या मुलुखाला तो ठाऊकच नव्हता.

पुढे काय करावे या विवंचनेत असताना गावातील एका दुकानाचा हिस्सा त्याला उधारीवर मिळाला. विल्यम बेरी हा त्याचा भागीदार. पैशाऐवजी दोघांनी वचनचिठ्ठ्या लिहून दिल्या, आणखी एका दुकानाचा मालही तसाच घेतला आणि धंदा सुरू केला. बेरीला दारूचे व्यसन होते असे म्हणतात, आणि लिंकनला पुस्तकाचे होते. गावची वाढही खुंटत चालली होती. दुकान बुडाले. जानेवारी १८३५ मध्ये बेरी मरण पावला आणि सुमारे ११०० डॉलरांचे कर्ज लिंकनच्या एकट्याच्या माथ्यावर आले. त्या काळी त्या सीमाप्रदेशात असा प्रसंग आला की पुष्कळ जण रातोरात गाव सोडून पश्चिमेकडे पसार होत. त्यांना शोधण्यास कोणी जात नसे. लिंकनने गाव सोडले नाही. भागीदाराच्या वाट्याचे देणेही त्याने आपले मानले. ते फेडण्यास त्याला अनेक वर्षे लागली.

या काळात गावकऱ्यांनी त्याला कसे सांभाळून घेतले, हे पाहण्यासारखे आहे. ७ मे १८३३ रोजी तो न्यू सेलमचा पोस्टमास्तर झाला. त्या दिवसांत टपालाचा आकार बहुधा पत्र घेणाऱ्याकडून वसूल होई, आणि तो अंतरावर व कागदांच्या संख्येवर अवलंबून असे. एका कागदाच्या पत्रास तीस मैलांपर्यंत सहा सेंट, चारशे मैलांपलीकडे पंचवीस सेंट असा दर होता. पगार अगदी जुजबी होता; पण गावात येणारे प्रत्येक वर्तमानपत्र प्रथम पोस्टमास्तराच्या हाती पडे आणि तो ते वाचून काढी. कोणाचे पत्र कचेरीत पडून राहिलेले दिसले, तर ते टोपीत घालून तो स्वतःच त्याच्या घरी पोहोचते करी. पुढे कचेरी बंद झाली आणि सरकारी बाकी वसूल करण्यास बऱ्याच काळाने अधिकारी आला, तेव्हा लिंकनने जपून ठेवलेली नाणी जशीच्या तशी काढून मोजून दिली, अशी आठवण सांगतात. त्या वेळी तो स्वतः पैशांच्या ओढाताणीत होता.

पोस्टाच्या तुटपुंज्या उत्पन्नाला जोड म्हणून त्याला परगण्याच्या मोजणीदाराचा मदतनीस नेमण्यात आले. मोजणीविद्या त्याला मुळीच येत नव्हती. त्याने पुस्तके मिळविली, रात्रीचा दिवस करून ती आत्मसात केली, उधारीवर घोडा घेतला, होकायंत्र व साखळी घेतली आणि काम सुरू केले. परंतु एका सावकाराने निवाडा मिळवून त्याचा घोडा, खोगीर आणि मोजणीची हत्यारे जप्त करविली. ती लिलावात निघाली. जेम्स शॉर्ट नावाच्या शेजारच्या शेतकऱ्याने ती बोली लावून विकत घेतली आणि तत्काळ लिंकनच्या स्वाधीन केली. या माणसाची सही कोणत्याही जाहीरनाम्यावर नाही, त्याचा पुतळा कोणत्याही चौकात आम्ही पाहिला नाही. पण त्या दिवशी त्याने हात आखडता घेतला असता, तर पुढचा इतिहास कोणत्या दिशेने गेला असता, हे कोणी सांगावे?

ऑगस्ट १८३४ मध्ये लिंकन विधिमंडळावर निवडून आला. राजधानी त्या वेळी व्हँडेलिया येथे होती. तेथे जाण्याजोगे कपडे त्याच्याजवळ नव्हते, म्हणून त्याने एका शेतकरी मित्राकडून २०० डॉलर उसने घेतले. जॉन टॉड स्टुअर्ट या वकिलाने त्याला कायद्याची पुस्तके दिली आणि वकिली शिकण्याचा सल्ला दिला. ही पुस्तके आणण्यासाठी तो वीस मैलांवरील स्प्रिंगफील्डला जाई आणि वाटेत वाचीत परते. १८३५ च्या ऑगस्टमध्ये गावाचे संस्थापक रटलेज यांची मुलगी ॲन तापाने वारली. लिंकनचा तिच्यावर जीव होता आणि तिच्या मृत्यूने तो खचून गेला, असे गावकऱ्यांनी सांगितले आहे. इतिहासकार मात्र या प्रेमकथेच्या तपशिलांविषयी एकमत नाहीत. तो त्या दिवसांत फार दुःखी होता, एवढे धरून चालावे.

फेब्रुवारी १८३६ मध्ये मोजणीदार लिंकनने न्यू सेलमपासून दोन मैलांवरील पीटर्सबर्ग या नव्या गावाची आखणी केली. एक रस्ता सरळ आखला तर एका विधवेचे घर पाडावे लागले असते, म्हणून त्याने तो रस्ता थोडा वाकडा काढला, अशी आख्यायिका तेथे आहे. पीटर्सबर्गची जागा सपाट व सोयीची होती. त्याच वर्षी मे महिन्यात न्यू सेलमची टपालकचेरी तेथे हलविण्यात आली आणि लिंकनचे पोस्टमास्तरपद संपले. ज्या गावाने त्याला आसरा दिला, त्याला रिकामे करणाऱ्या गावाच्या रेषा त्याच्याच साखळीने आखल्या गेल्या, हा योगायोग मोठा विलक्षण म्हटला पाहिजे.

सप्टेंबर १८३६ मध्ये त्याला वकिलीची सनद मिळाली. पुढील वर्षाच्या आरंभी विधिमंडळाने गुलामगिरीविरोधी चळवळ करणाऱ्यांचा निषेध करणारा ठराव प्रचंड बहुमताने मंजूर केला. विरुद्ध मत देणारे सहाच सभासद निघाले आणि लिंकन त्यांतला एक होता. ३ मार्च १८३७ रोजी त्याने डॅन स्टोन या दुसऱ्या एका सभासदासह लेखी निषेध नोंदविला. चळवळीचे मार्गही त्याला पसंत नव्हते, तरी गुलामगिरीची संस्था मुळातच अन्यायाची आहे, हे त्याने त्या कागदात स्पष्ट लिहिले. त्या वेळी त्याचा मुक्काम न्यू सेलमलाच होता. एप्रिलमध्ये उसन्या घोड्यावर दोन पिशव्या टाकून तो स्प्रिंगफील्डला निघून गेला.

त्याच्यामागे गाव फार दिवस टिकले नाही. १८३९ साली नवा परगणा निर्माण होऊन पीटर्सबर्ग त्याचे ठाणे झाले. लोकांनी आपली ओंडक्यांची घरे सोडवून, गाड्यांवर घालून तिकडे नेली आणि तेथे पुन्हा उभी केली. १८४० च्या सुमारास कड्यावर वस्ती अशी उरली नाही. अंगणांत गवत वाढले.

परंतु लिंकन ते गाव विसरला नाही. १८५८ साली जॅक आर्मस्ट्राँगच्या मुलावर खुनाचा आरोप आला. हाच तो मुलगा, की ज्याच्या घरी लिंकनचे एके काळी दोन घास व दोन टाके यांची सोय होत असे. जॅक मरण पावला होता आणि हॅना निराधार झाली होती. लिंकन आता संस्थानातील नाणावलेला वकील होता आणि मोठ्या राजकीय लढतीच्या तयारीत होता. तरी तो बीअर्डस्टाउनच्या न्यायालयात जाऊन उभा राहिला. आपण चंद्राच्या लख्ख प्रकाशात सारे पाहिले, अशी साक्ष मुख्य साक्षीदाराने दिली होती. लिंकनने पंचांग पुढे ठेवून त्या घटकेस चंद्र मावळतीला टेकला होता, हे दाखवून दिले. मुलगा सुटला. हॅनाकडून लिंकनने एक पैही घेतली नाही.

यापुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. नोव्हेंबर १८६० मध्ये तो राष्ट्राध्यक्ष निवडला गेला. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले. १ जानेवारी १८६३ रोजी मुक्तीचा जाहीरनामा अमलात आला. १४ एप्रिल १८६५ रोजी त्याच्यावर गोळी झाडली गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा प्राण गेला.

त्याच्या मृत्यूनंतर त्याचा वकिलीतील भागीदार विल्यम हर्नडन याने एक मोलाचे काम केले. न्यू सेलमचे जे रहिवासी हयात होते त्यांना तो भेटला, त्यांना पत्रे लिहिली आणि त्यांच्या आठवणी टिपून ठेवल्या. तीस वर्षांपूर्वीच्या त्या गोष्टी. त्यांत विस्मृती आहे, अतिशयोक्तीही आहे. तरीही न्यू सेलमच्या लिंकनविषयी आपणास जे ठाऊक आहे त्यातील बराच भाग त्या लोहार-शेतकऱ्यांच्या तोंडूनच आलेला आहे. पुढे १९०६ साली ती जागा एका धनिक वृत्तपत्रमालकाने विकत घेऊन जतन करण्यासाठी दिली, १९१९ साली ती इलिनॉय संस्थानाकडे आली आणि १९३० नंतरच्या दशकात जुन्या पायांवर गाव पुन्हा उभारण्यात आले. त्यात ऑन्स्टटचा पिंपांचा कारखाना तेवढा मूळचा आहे. तोही पीटर्सबर्गला गेला होता. १९२२ साली त्याला परत आपल्या जागी आणण्यात आले. ज्या चार भिंतींत छिलक्यांच्या उजेडात एक तरुण वाचीत बसे, त्या भिंती अशा रीतीने राहिल्या.

न्यू सेलमने जे जे योजिले ते सारे फसले. ते बंदर झाले नाही, शहर झाले नाही, साधे गाव म्हणूनही टिकले नाही. पण एका कफल्लक तरुणाला त्याने काम दिले, पुस्तक दिले, उधार दिले आणि २७७ मते दिली. तो पडला तेव्हा उचलून धरले, आणि त्याचा घोडा लिलावात गेला तेव्हा सोडवून आणला. त्यानेही आपले देणे बुडविले नाही आणि उपकार विसरला नाही. मोठी माणसे मोठ्या शहरांतच घडतात, असा आपल्यापैकी पुष्कळांचा समज असतो आणि त्यामुळे लहान गावात राहणारा विद्यार्थी उगाच हिरमुसतो. त्याने न्यू सेलमची ही हकीकत ध्यानात ठेवावी. त्याचबरोबर आपल्या गावच्या वृद्धांना चार प्रश्न विचारून त्यांची उत्तरे वहीत लिहूनही ठेवावीत. कोणत्या आठवणीची पुढे कोणाला गरज पडेल, हे आज कोणासच सांगता येत नाही.